भारद्वाज फोटोत काऊन येत नाही?

मागच्या महिन्यात मी या पानावर लिहिलं होतं की ताडोब्याच्या जिप्सीचे पैसे भरायच्या आधी आपल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, दहा पक्ष्यांचे फोटो काढून दाखवा. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रं एकाच पक्ष्यावर, भारद्वाजावर. कुंभारकावळा म्हणा, सोनकावळा म्हणा, तोच तो, काळं अंग, विटकरी पंख, लांब शेपटी. गावात सगळ्यांना माहीत, सगळ्यांनी पाहिलेला, आणि धड फोटो कोणाकडेच नाही. तर या वेळी सगळं पान त्यालाच देऊन टाकते. टिटवीवाले दादा, तुमचा प्रश्न पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न: ताई नमस्कार. मी काटोल तालुक्यातला, संत्र्याचा बगिचा आहे आपला. मागच्या वर्षी सेकंडहँड कॅमेरा घेतला, ७०-३०० ची लेन्स आहे. बगिच्याच्या धुऱ्यावर भारद्वाजाची जोडी राहते, रोज दिसते, रोज ऊप ऊप ऊप ऐकू येते. पण तुम्हाले खरं सांगतो, चारशेच्या वर फोटो काढले असतील, एकातही तो चोचीपासून शेपटीपर्यंत पूरा नाही. शेपटी आहे, पाठ आहे, बाकी पानंच पानं. मी पन्नास फुटावर पोचलो की तो पाहते, खाली उडी मारते आन् झुडपात गायब. घरचे हसतात. आन् राग याचा येते की निंदणाच्या बाया त्याच्या बाजूनं काम करत जातात तं तो त्यायले भीत नाही, मलेच काऊन भीते? कपडेही मी हिरवेच घालतो.

उत्तर: दादा, उत्तर तुमच्या पत्रातच आहे, तुम्ही ते लिहून गेलात आणि पुढे निघून गेलात. निंदणाच्या बाया त्याच्याकडे पाहत नाहीत. त्या वाकलेल्या असतात, कोणाच्या तरी सासूची गोष्ट चाललेली असते, हात चालू, तोंड चालू, आणि एका लयीत त्या पुढे सरकत असतात, भारद्वाजाच्या हिशोबात ते म्हणजे ढोरं चरत गेल्यासारखं. तुम्ही मात्र चालत येता, मधेच थबकता, मान वर करता आणि एक मोठा काळा गोल डोळा त्याच्यावर रोखता. चालणारं जनावर अचानक थांबून आपल्याकडे टक लावून पाहायला लागलं तर त्याचा रानात एकच अर्थ होतो, की आता झेप येणार. हिरवे कपडे घाला नाहीतर लग्नातला कोट घाला, तो कपड्याला भीत नाहीच आहे, तुमच्या थबकण्याला भितो.

आणि तो इतका लपतो काऊन तेही समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही. हा पक्षी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळपास ४८ सेंटीमीटर, गावातल्या साध्या कावळ्यापेक्षा लांब दिसतो, पण पंख आखूड, गोल, आणि उडणं एकदम जड. दहावीस हात फडफड करत गेला की कुठंतरी बदकन उतरतो. कबुतरासारखं उडून दूर जाणं त्याला जमत नाही, त्यामुळे त्याचा सगळा भरवसा झुडपावर. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, मागच्या एका बोटाला लांब सरळ नख, आणि त्या पायांवर तो जमिनीवरून चालतो, रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीतून घुसतो, बाभळीवर पायरी पायरीने चढतो. म्हणजे उडणारा पक्षी म्हणून त्याच्या मागे लागलात तर फसाल, चालणारं जनावर आहे असं धरून चाला. चालणाऱ्या जनावराची वाट असते, आणि वाट ठरलेली असते. तुमचं काम ती वाट शोधणं, बाकी काही नाही.

आता सांगते ते पाळाल का? आठ दिवस कॅमेरा घरी ठेवायचा. खरंच ठेवायचा. रोजच्यासारखं बगिच्यात जा, पाणी सोडा, फांद्या पाहा, आणि फक्त एवढं लिहून ठेवा की तो किती वाजता कुठं दिसला. थांबू नका, बोट दाखवू नका, चालता चालता पाहून घ्या. तिसऱ्या चौथ्या दिवशीच तुम्हाला दिसेल की सकाळी तो साधारण त्याच वेळी त्याच झाडावर वर येऊन बसतो, मग त्याच कोपऱ्यातून खाली उतरून धुऱ्याने चालत निघतो. हिवाळ्यात तर हे घड्याळासारखं चालतं, कारण रात्रभर दवात भिजलेला असतो आणि सकाळी त्याला ऊन पाहिजे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या पुढेच उगवतो, तो झाडांच्या वर यायला अर्धा तास धरा, की हा गडी एखाद्या उघड्या फांदीवर नाहीतर सिंदीच्या टोकावर येऊन सूर्याकडे पाठ करतो, दोन्ही पंख सैल सोडून पसरतो आणि नुसता बसून राहतो. त्या वेळी तो जितका उघडा असतो तितका दिवसभरात पुन्हा नसतो. तुमचे चारशे फोटो बहुतेक नऊच्या नंतरचे आहेत, पैज लावते.

मी हे कसं शिकले ते पण सांगते, मी पण तुमच्यासारखीच दोन वर्षं शेपट्या गोळा केल्या आहेत. वर्धा जिल्ह्यात आमचं वावर आहे, नाल्याच्या काठाला सिंदीची पाचसात झाडं. तीन हिवाळ्यांपूर्वी असाच आठ दिवस हिशोब ठेवला, जागा पक्की केली, आणि नवव्या दिवशी अंधारातच तुराट्यांच्या पेंढ्यांमागे जाऊन बसले. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. सात वाजून वीस मिनिटांनी सिंदीच्या खालच्या झावळ्या हलल्या, वारा नव्हता म्हणजे तोच. मग एक एक झावळी चढत तो वर आला, अंग झटकलं, दवाचे थेंब उडाले, आणि त्याने माझ्याकडे पाठ करून पंख उघडले. विटकरी रंग म्हणतो ना आपण, तो विटकरी नव्हताच, उन्हात तापवलेल्या तांब्याच्या घंगाळासारखा होता, आणि मानेच्या काळ्यावर निळी-जांभळी झाक, ती सावलीत कधीच दिसत नाही. अकरा मिनिटं बसला तो. मी दाबत राहिले, दाबत राहिले, डोळ्यात पाणी आलं. घरी येऊन पाहते तर सगळे फोटो निळे आणि दाणेदार. आदल्या दिवशी पुतणीची हळद होती, मांडवातल्या बल्बसाठी केलेलं सेटिंग तसंच राहिलं होतं, आयएसओ (अंधारात उजेड वाढवायचं सेटिंग) ६४००, व्हाइट बॅलन्स (रंगांचं सेटिंग) बल्बवर, आणि रॉ (रंग नंतर सुधारता येतात ती मूळ फाइल) पण बंद. आजपर्यंत त्यातला एक फोटो मी कोणाला दाखवला नाही. तर घरून निघायच्या आधी सेटिंग पाहा, रात्रीच पाहा, अंधारात चुकतं.

बसायची जागा. तुमची ३०० ची लेन्स पुरते, नवीन घ्यायची गरज नाही. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे आत लहान सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर ३०० ला, दहा मीटर अंतरावर, फ्रेमची रुंदी पाऊण मीटरच्या थोडी वर येते, म्हणजे ४८ सेंटीमीटरचा आडवा बसलेला भारद्वाज निम्म्याहून जास्त फ्रेम भरतो. वीस मीटरवर तोच एक तृतीयांशसुद्धा भरत नाही. म्हणून त्याच्या उन्हाच्या फांदीपासून दहा-बारा मीटरवर, सूर्य तुमच्या पाठीशी येईल असं बघून, आडोसा करा. तुराट्या, पऱ्हाट्या, जुने बारदाने, जे वावरात आधीपासून असतं तेच वापरा, ते चमकणारं ऑनलाइनचं जाळं नको. आणि आडोसा केला त्याच दिवशी बसू नका, तीनचार दिवस तसाच राहू द्या, त्याला नवीन वस्तूची सवय होऊ द्या. उजाडायच्या आधी बसता आलं नाही तर दोघं मिळून जा, एक जण आत बसेल, दुसऱ्याने मोठ्याने बोलत परत निघून जायचं. पक्ष्याला वाटतं माणूस गेला, आला एक की दोन हा हिशोब तो ठेवत नाही. माझ्या घरचे हे काम रोज करायचे, कुरकुर करत, पण करायचे.

बाईकवर बसून पण जमतं बरं का. पांदणीने रोज जाणारी गाडी त्याला माहीत असते, गाडी उभी करून गाडीवरच बसून राहिलात तर तो खपवून घेतो, पाय खाली टेकवला की संपलं.

प्रश्न: मॅडम, मी भारद्वाजाचा क्लोजअप काढला, नशिबाने मिळाला. तालुक्याच्या ठिकाणी स्टुडिओत मोठा प्रिंट करायला दिला तर त्याने डोळे काळे करून दिले, म्हणे फ्लॅशमुळे लाल आले होते, फ्री मध्ये दुरुस्त करून दिलं. मी फ्लॅश मारलाच नव्हता. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही बरोबर, आणि तो प्रिंट परत करा. भारद्वाजाचा डोळा लालच असतो, माणिकासारखा, तीच तर त्याची सगळ्यात देखणी गोष्ट. माणसाच्या फोटोत लाल येतं ते डोळ्याच्या मागचा पडदा फ्लॅशमध्ये चमकतो म्हणून, इथे बाहुलीभोवतीचं कडंच लाल आहे, मधली बाहुली काळी असते, तुमच्या मूळ फोटोत झूम करून पाहा. पिल्लांचा डोळा एवढा लाल नसतो, आणि त्यांच्या अंगावर पट्टे पट्टे असतात, ते पाहून लोक दुसराच पक्षी समजतात. स्टुडिओवाल्यावर रागावू नका, त्याच्याकडे दिवसभर पासपोर्ट फोटो येतात.

प्रश्न: भारद्वाजाचा फोटो एक तर काळा गोळा येतो नाहीतर पंख पांढरट पडतात. ऑटोवर काढतो. कोणतं सेटिंग ठेवू?

उत्तर: ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत भाऊ, दोन्हीचं औषध उलटं आहे म्हणून नीट वाचा. कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही, त्याला सगळं मधल्या उजेडाचं करून टाकायचं असतं. पक्षी झाडाच्या शेंड्यावर, मागे पांढरं आभाळ, तर कॅमेरा आभाळाला पाहून उजेड कमी करतो आणि पक्षी काळा गोळा होतो. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन म्हणजे ते प्लस-मायनसवालं बटण, ते प्लस एक, कधी दीडपर्यंत न्या, आभाळ पांढरंफटक झालं तर होऊ द्या. उलट पक्षी जवळ आहे, फ्रेम भरली आहे, मागे गर्द झाडी आहे, तर कॅमेरा म्हणतो अरे लय अंधार आहे आणि उजेड वाढवतो, काळं अंग राखाडी होतं आणि पंखांचा रंग उडतो. तिथे मायनस पाऊण ते एक. आधी पंख वाचवा, काळ्यातलं थोडंफार नंतर कॉम्प्युटरवर वर काढता येतं, उडालेला रंग परत येत नाही. रॉ मध्ये काढत असाल तर अजून चांगलं.

ऑटो सोडा. ॲपर्चर प्रायॉरिटीला टाका, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं ते आपण ठरवायचं, ते ५.६ ठेवा, ऑटो आयएसओ लावा आणि शटर १/५०० सेकंदापेक्षा सावकाश होऊ देऊ नका, भारद्वाज सावकाश चालतो पण मान झटक्याने वळवतो आणि हातात धरलेली ३०० ची लेन्स पण हलतेच. फोकसचा एकच पॉइंट निवडा, मधला. सगळे पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा पुढची काडी पकडतो, आणि भारद्वाजाच्या पुढे काडी नाही असं कधी होतच नाही. तो पॉइंट लाल डोळ्यावर. डोळा शार्प असला तर अर्धं अंग पानाआड असलं तरी चालतं, मला तर तसे फोटो जास्त खरे वाटतात, तो पक्षी तसाच दिसतो आपल्याला आयुष्यभर.

प्रश्न: मी भंडारा जिल्ह्यात अकरावीला आहे. पक्षी सप्ताहात आमच्या कॉलेजमध्ये प्रदर्शन राहते. माझ्याकडे मोबाइलच आहे. मोबाइलवर भारद्वाज काढता येईल का? झूम केलं की पाण्यात पडल्यासारखा दिसते.

उत्तर: झूम करून नाही येणार बाळा, बहुतेक मोबाइलमध्ये ते खरं झूम नसतंच, मोबाइल फक्त फोटो कापून मोठा करतो. पण म्हणून मागे राहायचं कारण नाही. पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, आणि चितमपल्लींनी तर तुमच्या शेजारच्या नवेगावबांधच्या जंगलात किती वर्षं काढली. नुसतं पायी फिरून, कान उघडे ठेवून आणि वहीत लिहून किती मोठं काम होतं ते त्या माणसाने दाखवलं.

तर तू असं कर. एक, त्याच्या जागेचा फोटो काढ, मोबाइल यात कॅमेऱ्यापेक्षा कमी नाही. तलावाची पार, बेशरमची झाडं, त्यातून जाणारी पाऊलवाट, त्यात तो छोटासा दिसला तरी लोक थांबून शोधतात, शोधायला लावणारा फोटो प्रदर्शनात लय चालतो. दोन, आवाज रेकॉर्ड कर. पहाटे पाचसाडेपाचला मोबाइल भिंतीवर ठेवून दे आणि दूर बस. त्याचा ऊप ऊप ऊप घुमतो कसा, सुरुवातीला सावकाश, मग घाईघाईने, खाली खाली जाणारा, जसा काही मडक्यात कोणी बोलते, आणि दुसरीकडून जोडीदार वेगळ्या सुरात उत्तर देतो. तीन, कॉलेजात दुर्बीण असेल तर मोबाइलची लेन्स दुर्बिणीच्या डोळ्याला लाव, हात हलतो म्हणून दुर्बीण कशावर तरी टेकव, पंधरावीस प्रयत्नात एखादा जमतो. तो गोल चौकटीतला फोटो पाहायला मस्त वाटतो.

नोव्हेंबरात धान कापणी चालू असते तुमच्याकडे. कापलेल्या बांधीच्या कडेने तो टोळ वेचत चालतो, तेव्हा उघड्यावर मिळेल.

प्रश्न: ॲपमध्ये पक्ष्यांचे आवाज असतात. भारद्वाजाचा आवाज वाजवला तर तो जवळ येतो का?

उत्तर: येतो. वाजवू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणं सोडून शोधत फिरतो, तुम्ही फोटो काढून घरी जाता आणि तो तास दोन तास नसलेल्या शत्रूला हाका मारत बसतो. विणीच्या दिवसात तर मुळीच नको.

प्रश्न: ताई, आमच्या विहिरीजवळ सिंदीमध्ये भारद्वाजाचं घरटं सापडलं, गोल घुमटासारखं, बाजूने तोंड. आतमध्ये पांढरी तीन अंडी आहेत. समोरच्या दोन झावळ्या कापल्या तर एकदम क्लिअर फोटो येईल. कापू का?

उत्तर: नाही. आणि आता हे वाचत असाल तोवर कापल्या असतील तर पुढे काय होतं ते सांगते.

भारद्वाज कोकिळेच्या कुळातला, पण कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरी अंडी टाकून मोकळा होत नाही, स्वतः घर बांधतो, आणि अंडी पिल्लं सांभाळण्यात नराचा वाटा मोठा असतो. घर घुमटासारखं का करतो? कावळ्याला वरून दिसू नये म्हणून. तुम्ही दोन झावळ्या कापल्या की त्या घुमटाचा उपयोग संपला. कावळा तुमच्यावर नजर ठेवूनच असतो, रोज माणूस एका सिंदीजवळ जाऊन उभा राहतो म्हणजे तिथं काहीतरी आहे एवढी अक्कल त्याला आहे. ऊन थेट पडतं ते वेगळंच.

हे मी पुस्तकात वाचून नाही सांगत. सुरुवातीला, कॅमेरा नवीन असताना, मी झावळी कापली नाही, नुसती सुतळीने बाजूला बांधली, फोटो काढून सोडून देणार होते. तेवढ्यात घरून फोन आला, गाय व्यायला झाली होती, मी धावत गेले आणि सुतळी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आठवण झाली. घरट्यात टरफलांचे तुकडे होते, खाली पण होते. जोडी पुढे महिनाभर त्या भागात दिसली नाही. बाकी काही लिहीत नाही यावर.

कायद्याचं पण सांगते, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं तर आहेच, अंड्यांना घरट्याला त्रास देणं पण आहे. तुम्ही मुद्दाम काही करत नाही हे मला कळतं, पण घरट्याचा फोटो नकोच. पिल्लं उडाली की ती आईबापामागे धुऱ्यावर फिरतात, अंगावर पट्टे, शेपटी अर्धवट, पडत झडत चालतात, त्यांचे काढा. आणि विहिरीवरचा मोटारपंप रोज चालू करायला जाता ना, तसंच जात राहा, एकदम जाणं बंद केलं तर तेही त्याला खटकेल.

प्रश्न: माझी आजी म्हणते भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो. मग मोबाइलच्या वॉलपेपरला त्याचा फोटो ठेवला तर चालते का?

उत्तर: आजीला माझा नमस्कार. आमच्याकडे पण परीक्षेला जाताना भारद्वाज दिसावा म्हणून आई मुद्दाम नाल्याच्या बाजूने पाठवायची, गणितात काही फरक पडला नाही. पण या समजुतीचा एक फायदा झाला, आपल्या गावागावात पोरं गलोल घेऊन बाकी सगळ्यांवर नेम धरत, याच्यावर धरायला कचरत. दुसरीकडे याचं मांस दम्या-खोकल्यावर, छातीच्या आजारावर औषध म्हणून खायची पण समजूत जुनी आहे, आणि त्यापायी हा पक्षी मारला गेला आहे. तसं कोणी सांगत असेल तर सरळ सरकारी दवाखान्यात पाठवा. वॉलपेपर ठेवा, खुशाल ठेवा, डोळा लाल असलेला ठेवा.

प्रश्न: भारद्वाज आमच्या संत्र्याला, तुरीला काही नुकसान करतो का? बाबा म्हणतात कॅमेरा सोड आणि त्याला हाकल.

उत्तर: बाबांना सांगा, तो संत्र्याकडे पाहतही नाही. अळ्या, टोळ, गोगलगाई, सरडे, उंदराची पिल्लं, छोटे साप, असं त्याचं जेवण. दुसऱ्या पक्ष्यांची अंडी पिल्लं पण खातो, साधू नाही तो, बुलबुल त्याला पाहून उगाच ओरडत नाहीत. कोंबडीची अगदी लहान पिल्लं उघड्यावर असतील तर तेवढी झाकून ठेवा. वावराचा हिशोब केला तर तो तुमच्या बाजूचा आहे.

एक मात्र आहे, फवारणी झालेल्या वावरात तुम्ही पोटावर सरकत फोटो काढायला जाऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघड्यावर पडली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. फवारणी केली की चारसहा दिवस त्या बाजूला कॅमेरा न्यायचाच नाही असा नियम करा, औषधाच्या डब्यावर वावरात कधी जायचं ते लिहिलेलं असतं, वाचा.

प्रश्न: आम्ही ब्रह्मपुरीकडचे. सकाळी अंधारात झुडपात जाऊन बसा असं तुम्ही एका कार्यक्रमात म्हणाला होता. आमच्याकडे ते जमणार आहे का?

उत्तर: नाही जमणार, आणि बरं झालं विचारलं. वाघ-बिबट्याचा वावर आहे तिथं अंधारात जमिनीवर, वाकून, एकट्याने झुडपात बसायचं नाही, वाकलेला माणूस त्यांना माणूस वाटत नाही. तुम्ही घराच्या परसातून, गोठ्याच्या माळ्यावरून, उजाडल्यावर काढा. भारद्वाज गावाच्या आत पण येतो, सांडपाण्याच्या कडेला, केळीच्या आळ्यात, तिथं तर तो माणसाला जास्त सरावलेला असतो.

बाकीच्या जिल्ह्यांना पण सांगते. रानडुकरासाठी लोक कुंपणाला तारा लावतात. झटका मशीन असली तर झटका बसून सुटता, पण काही जण थेट लाइनचा करंट सोडतात, तो बेकायदेशीर आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. दुसऱ्याच्या धुऱ्यावर जायच्या आधी मालकाला विचारा, दिवसा जाऊन तारा कुठून कुठवर आहेत ते पाहून घ्या, मगच पहाटेची गोष्ट. आणि तुराट्यांच्या गंजीत हात घालायच्या आधी काठीने हलवा. घोणस, ज्याला आपण परड म्हणतो, तिला पण हिवाळ्यातलं ऊन तेवढंच आवडतं.

प्रश्न: मेळघाटात रानपिंगळा, ते दुर्मिळ छोटं घुबड, काढायला ग्रुप चालला आहे. मी जाऊ की इथंच भारद्वाजाच्या मागे राहू? ग्रुपमधले हसतात मला, म्हणे कुंभारकावळा काय काढतो.

उत्तर: जा ना, जरूर जा. ११३ वर्षं कोणाला दिसला नाही, सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिला आणि १९९७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळ पुन्हा सापडला, असा पक्षी पाहायला मिळत असेल तर कोण सोडेल. फक्त गाइडला त्याच्या जवळ जायचा आग्रह करू नका, आणि आवाज वाजवतो म्हणाला तर नाही म्हणा.

आणि परत आल्यावर त्या ग्रुपला विचारा की तुमच्यापैकी कोणाकडे भारद्वाजाचा ऊन खातानाचा, पंख पसरलेला, डोळा शार्प असलेला फोटो आहे. मी आमच्या भागातल्या सहासात जणांना विचारलं होतं, सगळ्यांकडे वाघ होता.

प्रश्न: जुनी ७०-३०० लेन्स विकत घ्यायची आहे. काय पाहून घ्यायची?

उत्तर: लेन्स उजेडासमोर धरून, मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका, आपल्या पावसाळ्यात ती वाढतच जाते. झूमची रिंग फिरवताना करकर नको. तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून ३०० ला दहापंधरा फोटो तिथेच काढा आणि मोठे करून पाहा, दुकानासमोरच्या तारेवरचा कावळा चालेल, काळाच आहे, सराव पण होईल. लेन्सच्या पाकिटात सिलिकाचे छोटे पुडे टाकून ठेवा, आणि जुनी असली तरी बिल मागा.